तापाला नाव असते



मागल्या आठवड्यात महाडच्या एस.टी. स्टँडवर आम्ही पोलादपूरच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. शेजारच्या बाकावर एक ताई साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला पदराखाली घेऊन बसली होती. पोराचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले. न राहवून आम्ही विचारले, "ताई, काय झालंय बाळाला?"

"ताप हाय दादा. आज आठ दिस झाले."

"दवाखान्यात काय सांगितलं?"

"टायफाट हाय म्हणाले. तीन सुया दिल्या. उतरतो नि परत चढतो."

"सुई कसली दिली? कागद आहे का?"

कागद नव्हता. औषधाची रिकामी बाटली होती, तिच्यावरचे नाव पाण्याने पुसून गेले होते. आम्ही ताईला गाडीत बसू दिले नाही. रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेले आणि तिथून १०८ च्या गाडीने पोराला पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. आमची पोलादपूरची बैठक चुकली, पण त्याचे वाईट वाटले नाही. कारण त्या बाकावर आम्हाला दुसरेच एक पोर दिसत होते. ते पोर आमच्या घरातले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आम्ही या सदरातून आजवर सांगितली नव्हती, कारण तिच्यात चूक आमची आहे.

२०११ सालचा पावसाळा. आमचा धाकटा भाऊ तेव्हा एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. त्याची मुलगी, आमची पुतणी, सहा वर्षांची. तिला ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी तीन दिवसांचे औषध दिले, ताप उतरला, भावाने उरलेले औषध कपाटात ठेवले. पुन्हा ताप आला. घरात शिकलेला म्हणून आमचा शब्द मोठा. आम्ही बी.कॉम. झालेलो, कचेरीत कारकून, चार लोकांत उठणारे-बसणारे. आम्हीच मेडिकलच्या दुकानात जाऊन शेजाऱ्याच्या मुलाच्या जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिकचे सरबत आणले. "पुन्हा डॉक्टरची फी कशाला?" असे आम्हीच म्हणालो. दोन दिवस दिले, ताप कमी झाला, बंद केले. अकराव्या दिवशी पोर पाणीसुद्धा पिईना, तेव्हा तिला मुंबईला नेले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजवर कोणकोणती औषधे दिलीत?" भाऊ म्हणाला, "लाल सरबत आणि पांढऱ्या गोळ्या." आम्ही मान खाली घातली. बाईंनी रक्त घेतले, एका बाटलीत सोडले आणि म्हणाल्या, "कल्चरला पाठवतोय. पण एवढी औषधे अर्धवट पोटात गेल्यावर काही उगवेल असे वाटत नाही." पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, जंतू वाढले नाहीत. तोवर अंदाजाने इंजेक्शने चालू होती. तशातच आतड्याला छिद्र पडले. ऑपरेशन झाले. ३१ दिवस आम्ही त्या वॉर्डाच्या बाहेर पथारी टाकून काढले. भावाचे काम गेले, वहिनीच्या कानातले गेले, पोरीचे शाळेचे वर्ष गेले. पोर वाचली, एवढेच आमचे नशीब. आज ती कॉलेजात आहे. पोटावरचा व्रण तिच्याबरोबर मोठा झाला आहे.

त्या ३१ दिवसांत आम्ही त्या डॉक्टरीणबाईंना आणि प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बंधूंना प्रश्न विचारून भंडावून सोडले. पुढे कार्यकर्ता म्हणून कितीतरी पोरांबरोबर रुग्णालयांच्या पायऱ्या चढलो, तेव्हाही विचारत राहिलो. त्यातून जे समजले ते आज आमच्या माता-भगिनींसाठी लिहीत आहोत.

कल्चर म्हणजे काय? आपल्या घरात रोज रात्री जे होते तेच. आपण कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो, झाकून उबेला ठेवतो. चमचाभर विरजणातले जंतू रात्रभरात वाढतात आणि सकाळी दही तयार होते. रक्ताचे कल्चरही तसेच. आजारी मुलाच्या रक्तात जंतू असले तरी ते फार थोडे असतात, एका थेंबात दुर्बिणीखाली शोधून सापडत नाहीत. म्हणून ते रक्त जंतूंना मानवेल अशा पौष्टिक सुपाच्या बाटलीत सोडतात आणि अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे ३५ ते ३७ अंश उष्णतेत ठेवतात. जंतू असले तर वाढतात. पुष्कळदा २४ ते ४८ तासांत वाढ दिसते. मोठ्या रुग्णालयांत यंत्र असते, ते जंतूंनी सोडलेला वायू ओळखून खूण देते. काहीच वाढले नाही तर साधारण पाच दिवस वाट पाहून 'वाढ नाही' असा अंतिम रिपोर्ट देतात.

आता भगिनींनो, एक सांगा. दूध उकळते असताना त्यात विरजण घातले तर दही लागेल का? नाही लागणार. विरजण मेले. अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस दिल्यावर घेतलेल्या रक्ताचे पुष्कळदा असेच होते. रक्तातले जंतू अर्धमेले होतात, बाटलीत वाढत नाहीत, पण पोराच्या अंगातून मात्र पुरते गेलेले नसतात. आमच्या पुतणीच्या बाबतीत आम्ही दूध उकळून मग विरजण घातले.

बाटलीत जंतू वाढले की त्यांचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवतात. ही रंगवण्याची रीत हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ साली काढली. काही जंतू जांभळे दिसतात, काही गुलाबी. एवढ्यावरूनही डॉक्टरांना कोणत्या घराण्यातला शत्रू आहे ते कळते, आणि ते फोनवरूनच वॉर्डाला कळवतात. मग तो थेंब बशीतल्या घट्ट थरावर पसरतात. हा थर अगार नावाच्या पदार्थाचा असतो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात जेली करायला जो चायना ग्रास मिळतो, तोच हा अगार. तो जंतूंसाठी वापरावा ही कल्पना एका गृहिणीची. जर्मनीतल्या फॅनी हेसे या बाई आपल्या डॉक्टर नवऱ्याच्या प्रयोगांना मदत करीत. उन्हाळ्यात त्याच्या बशा वितळून जायच्या. १८८१-८२ च्या सुमारास बाईंनी स्वयंपाकघरातला अगार सुचवला, तो थेट रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचला आणि आजही जगभर चालतो. चूल सांभाळणाऱ्या बाईला शास्त्रातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

त्या बशीत जंतूंचे ठिपके उगवतात आणि त्यांचे नाव निश्चित होते. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी, न्यूमोनियाचा न्यूमोकोकस, गळू-हाडांपर्यंत जाणारा स्टॅफिलोकॉकस, तान्ह्या बाळांना छळणारा क्लेब्सिएला. नाव कळले तरी काम अर्धेच झाले. दुसऱ्या बशीत जंतू पसरून त्यावर कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एकेक औषध. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहते, ते औषध लागू. जिच्या काठापर्यंत जंतू खुशाल वाढतात, ते औषध निकामी. रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे 'एस' किंवा 'आर' ही इंग्रजी अक्षरे असतात. 'एस' म्हणजे लागू, 'आर' म्हणजे जंतू दाद देत नाही. मधे 'आय' असेल तर डॉक्टर डोस पाहून ठरवतात. नाव आणि औषधांची यादी मिळून साधारण तीन ते पाच दिवस लागतात. हे दिवस फार कठीण असतात, आम्ही ते काढले आहेत. पण रिपोर्ट हातात यायच्या आधी "सही करून" पोर घरी नेणारे बाप आम्ही पाहिले, तेव्हा जीव तुटला. हजेरी बुडते, मजुरी बुडते, हे खरे. पण बाटली उबेला ठेवलेली असताना उठून जाणे म्हणजे पेरणी करून कापणीआधी शेत सोडणे.

आम्ही हिशेब लिहिणारी माणसे. ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. पण वर्षअखेरीला उचंत खाते मोकळे करावेच लागते, नाहीतर ताळेबंद खोटा. आपल्याकडे पोरांचे ताप वर्षानुवर्षे उचंत खात्यात पडून आहेत. त्या खात्याला आपण नाव दिले आहे 'टायफाट'.

हे नाव बहुधा विडाल नावाच्या चाचणीवरून पडते. फ्रान्सच्या विडाल यांनी १८९६ साली ती काढली. ती जंतू शोधत नाही, जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली द्रव्ये शोधते. आपल्यासारख्या भागात ती द्रव्ये जुन्या आजाराचीही असू शकतात, दुसऱ्या तापातही वाढू शकतात, आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात दिसतही नाहीत. म्हणून एकट्या विडालवर विसंबून राहू नये. आपल्या खोऱ्यात पावसाळ्यात हिवताप असतो, डेंगी असतो, शेतात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो होतो, झाडीतल्या बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. सगळ्यांची सुरुवात तापाने.

देशभर केलेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हजारो मुलांवर आठवड्यामागून आठवडा लक्ष ठेवून, ताप आला की रक्ताचे कल्चर करून हे मोजले गेले. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर या शहरांतल्या वस्त्यांत वर्षाला दर लाख मुलांमागे ५७६ ते १,१७३ मुलांना टायफॉइडच्या गटातला ताप सापडला. पुण्याजवळच्या ग्रामीण भागात हाच आकडा ३५ निघाला. एवढा फरक! गाव बदलला की तापाचे कारण बदलते, हे तिथे कल्चरमुळे दिसले. गावातला प्रत्येक ताप टायफॉइड मानून सुई देणे कसे फसवे आहे, आणि गावाकडून मुंबईच्या चाळीत गेलेल्या पोराच्या तापाकडे वेगळ्या नजरेने का पाहावे, हे त्यावरून समजावे.

कल्चरलाही मर्यादा आहेत. टायफॉइड असूनही रक्ताच्या कल्चरमध्ये तो सुमारे निम्म्या वेळाच सापडतो. लेप्टो आणि स्क्रब टायफसचे जंतू या साध्या बाटलीत वाढत नाहीत, त्यांच्या चाचण्या वेगळ्या. कधी कातडीवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत शिरतात आणि रिपोर्ट गोंधळात पाडतो, म्हणून रक्त घेण्याआधी कातडी नीट पुसून औषध वाळू द्यावे लागते. तेव्हा 'वाढ नाही' असा कागद आला म्हणजे पोराला काही झालेच नाही असे नव्हे, आणि डॉक्टरांनी पैसे खाल्ले असेही नव्हे.

आता आपल्या मनातल्या भीतीबद्दल. "रक्त काढून काढून पोर सुकलं," असे प्रत्येक आजी म्हणते. हिशेब करू. तान्ह्या बाळाचे साधारण १ मिलिलिटर रक्त घेतात, मोठ्या मुलाचे वजनाप्रमाणे ३ ते ५. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. दहा किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे ८०० मिलिलिटर रक्त असते. त्यातले चमचाभरसुद्धा गेले नाही. उलट फारच थोडे घेतले तर जंतू सापडत नाहीत आणि पुन्हा टोचावे लागते.

दुसरी भीती पाठीच्या पाण्याची. "पाठीतून पाणी काढलं की पोर लंगडं होतं" हे वाक्य आम्ही महाडपासून परळपर्यंत ऐकले आहे. मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल तर हेच पाणी तपासावे लागते. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, सुई त्याच्या खाली जाते. पोर लंगडे झाले, बहिरे झाले, तर ते बहुतेक वेळा त्या आजाराने, तपासणीने नव्हे. नकार देऊन आपण आजाराला वेळ देतो.

लघवीच्या तपासणीत आपण वेगळीच चूक करतो. घरातली औषधाची बाटली धुऊन त्यात नेतो. तसे करू नये. प्रयोगशाळेची निर्जंतुक डबी घ्यावी, पोराची जागा धुवावी, पहिली धार सोडून मधली घ्यावी आणि लगेच पोचवावी. उशीर होणार असेल तर लघवीची डबी थंड ठेवतात. रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र फ्रीजमध्ये किंवा बर्फात कधीही ठेवायची नसते. विरजण लावलेले भांडे कोणी बर्फात ठेवते का?

हे सारे शास्त्र आपल्याला परके नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात सुपाच्या बाटल्यांत प्लेगचे जंतू वाढवले, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले आणि त्या वाढवलेल्या, मग मारलेल्या जंतूंचीच लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळला आली. आज तिला हाफकिन संस्था म्हणतात. महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांतली माणसे गिरणीत कामाला जाताना त्या भिंतीवरून गेली आहेत.

त्याच परळमध्ये, बी.आय.टी. चाळीत, बाबासाहेब आणि माता रमाई राहत होती. त्यांची चार लेकरे बालपणीच गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न. आपल्या प्रत्येक घरात रमाईचे हे दुःख माहीत आहे. त्या वर्षी हाकेच्या अंतरावर जंतू वाढवून ओळखणारी प्रयोगशाळा होती. नव्हते ते औषध. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा, ते लोकांच्या हाती यायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. टायफॉइडवरचे पहिले खरे औषध १९४८ साली आले. तेव्हा जंतूचे नाव कळले तरी आई-बापांना हात जोडून बसावे लागे. आज औषध मेडिकलच्या दुकानात मिळते आणि जंतूचे नाव मात्र आपण विचारत नाही. आमच्या मनाला हेच फार लागते.

कारण नाव न विचारता दिलेल्या औषधाला जंतू सरावतात. टायफॉइडचे ते पहिले औषध १९९० च्या सुमारास आपल्याकडे ठिकठिकाणी चालेनासे झाले. त्यानंतरचे औषधही बोथट झाले. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की नेहमीची इंजेक्शनेही लागू पडेनात, मोजकीच औषधे उरली. तिथे हे कळले ते पोरांच्या रक्ताच्या कल्चरमधून. तान्ह्या बाळांची स्थिती तर आणखी बिकट. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या जंतूंपैकी पुष्कळ जंतू एकापेक्षा अधिक औषधांना न जुमानणारे निघाले. म्हणून नवजात बाळाच्या खोलीत शिरताना हात धुवायला सांगणाऱ्या नर्सताईवर रागावू नका. "आम्ही काय घाणेरडे आहोत का?" असे म्हणू नका. तिला तुमची जात दिसत नाही, जंतू दिसतो.

जंतूचे नाव कळले की तो कुठून आला तेही कळते. टायफॉइडचा जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना टायफॉइडची नवी लस दिली. सरकारी पातळीवर ही लस देण्याची ती जगातली पहिलीच मोहीम. लसीचा गुण आला का, हे रुग्णालयांत तापाने येणाऱ्या मुलांच्या रक्ताच्या कल्चरवरून मोजले गेले, आणि लस घेतलेल्यांत टायफॉइड बराच कमी झालेला आढळला. आपल्या रायगडाच्या वेशीवरची ही गोष्ट आहे.

आणि पाण्याबद्दल महाडकरांना कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि आपल्या वाडवडिलांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मग तळे बाटले म्हणून १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केले गेले. पाणी तपासणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला विचारा, पाणी कशाने बाटते? ती माणसाच्या आणि जनावराच्या विष्ठेतले जंतू शोधते. ओंजळीची जात शोधणारी तपासणी जगात निघालेली नाही. त्या तळ्याच्या गावातल्या माणसाने तरी विटाळ कशाला म्हणायचे हे शास्त्राला विचारून ठरवावे. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, विहिरी आणि टाक्या गढूळ झाल्या. पूर ओसरल्यावर पाणी उकळून पिणे आणि टाकीत क्लोरीन टाकणे ही पोरांच्या तापावरची पहिली तपासणी आणि पहिले औषध.

कोणी म्हणेल, "आमच्या वाडीवर कुठली प्रयोगशाळा?" खरे आहे. म्हणून गडचिरोलीचे सांगतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला, धोक्याच्या खुणा ओळखायला आणि वेळेवर औषध द्यायला शिकवले. ३९ गावांत हे काम झाले आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे जगापुढे आले. आणि आपल्याच बिरवाडीचे, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचू चावलेल्या पोराच्या शरीरात नेमके काय बिघडते ते त्यांनी खाटेशेजारी बसून पाहिले, ऐंशीच्या दशकात प्राझोसिन हे औषध लागू पडते ते दाखवले, आणि विंचवाने मरणारी पोरे वाचू लागली. नेमके कारण शोधण्याची शिस्त आपल्याही मातीत रुजते.

यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कल्चरसाठी औषध अडवायचे नसते. गंभीर पोराचे रक्त घेतले की लगेच डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर ते बदलतात किंवा पुढे चालू ठेवतात. आधी रक्त, लगेच औषध, मग रिपोर्ट, असा क्रम. रक्त घ्यायची सोय नसेल आणि पोर अत्यवस्थ असेल तर पहिले औषध तिथेच मिळू द्या, नाव मागून शोधता येते.

घरात भिंतीवर लावून ठेवावे असे थोडके लिहितो.

१. पोर दूध-पाणी घेत नसेल, झटके येत असतील, गुंगीत असेल, छाती आत ओढली जात असेल, हातपाय गार पडत असतील, तर घरी थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतल्याचा ४० किंवा अधिक असला तर तो जोरात आहे असे समजा. १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग गार पडले तरी तोच दिवस रुग्णालयाचा.

२. जुन्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर, उरलेल्या बाटलीतले अँटिबायोटिक देऊ नका. दिलेच असेल तर डॉक्टरांना खरे सांगा. लाजू नका. आम्ही लाजलो.

३. औषधाची वेष्टने, चिठ्ठ्या, रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दवाखाना बदलला तरी पिशवी पोराबरोबर जाऊ द्या.

४. पोर दाखल झाले की नम्रपणे विचारा, "डॉक्टर, औषध सुरू करण्याआधी कल्चरला रक्त घ्यायचे आहे का? नमुना कुठे जातो? रिपोर्ट कोणत्या दिवशी येतो?" डॉक्टर गरज नाही म्हणाले तर कारण समजून घ्या. प्रत्येक सर्दी-तापाला कल्चर लागत नाही.

५. रिपोर्ट आला की विचारा, "जंतूचे नाव काय? चालू औषध त्याला लागू आहे का?" घरी सोडले असेल तर रिपोर्टासाठी पुन्हा जा. औषध सांगितले तितके दिवस पुरे करा.

६. सरकारी रुग्णालयात आरोग्य खात्याच्या निर्णयाप्रमाणे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड त्याच पिशवीत असू द्या.

विहारात रविवारी आपण जमतो. पुढच्या रविवारी दहा मिनिटे काढून हे वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही अशा आजीबाईंना विरजणाची गोष्ट सांगा. त्यांना ती आपल्यापेक्षा लवकर कळेल.

त्या एस.टी. स्टँडवरच्या ताईला भेटायला आम्ही चौथ्या दिवशी गेलो. पोर उठून बसले होते, बिस्किट हातात धरून आमच्याकडे संशयाने पाहत होते. ताईच्या उशाशी एक पिशवी होती आणि तिच्यात सगळे कागद नीट घडी घालून ठेवलेले. आम्ही काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दादा, कल्चरचा रिपोट उद्या येनार हाय. नाव कलल्यावर तुमाला सांगते."

आम्ही त्या फोनची वाट पाहत आहोत.

जय भीम.